पाटाची राख

सात आहेत. पितळेची, बोटाच्या पेराएवढी, प्रत्येकाला आठ पाकळ्या. एके काळी ती पिवळीधमक होती. आता काळी आहेत. मी चिंचेने घासली, लिंबाने घासली, दुकानातलं महागडं पॉलिश आणून घासली, पण आगीतून गेलेलं पितळ काही केल्या पूर्वीसारखं होत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी, ती सात फुलं ओळीने मांडून ठेवली आहेत. आठवं कुठे आहे ते मला ठाऊक आहे. ते तिथेच राहू दे.

या खिडकीतून, हवा स्वच्छ असली तर, श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांची काळी कड दिसते. आज दिसत नाही. सकाळी रेडिओवर सांगितलं की वर दुपारपासून बर्फ पडणार. म्हणजे आता खोपीवरही पडत असणार. जर्मन लोक तिला शुट्झहुटे म्हणतात, डोंगरात अडकलेल्याने आसरा घ्यायची लाकडी झोपडी. अण्णा तिला खोप म्हणायचे, म्हणून आमच्या घरात ती खोपच. कार्ल्सरूहेहून दीड तास गाडी, मग बस, मग दोन तास चढ.

आधीच सांगून ठेवते, मी काही क्षमाशील बाई नाही. मला राग येतो, आणि आला की तो मुक्कामालाच येतो. लोक म्हणतात, विसरून जा, पुढे चल. कशाला विसरू? माझ्याकडे त्या दिवसांचं दुसरं उरलंय काय?

अण्णा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरला फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात घडवायचा, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस. निवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात आमच्याकडे यायचे. सगळ्यांचे आईवडील इथे उन्हाळ्यात येतात, हे मात्र मुद्दाम फेब्रुवारीत. म्हणायचे, "ऊन काय आमच्याकडं कमी हाय व्हय? बर्फ दाव मला."

तर पहिल्याच वर्षी मी त्यांना बर्फ दाखवायला घेऊन गेले. नवरा कामासाठी कोलोनला होता. अण्णा, मी आणि पाच वर्षांची माझी मुलगी इरा; तिला लाकडी घसरगाडीवर बसवून मी दोरीने ओढत होते. तीन वाजेपर्यंत आकाश निळंशार. मग पंधरा मिनिटांत सगळं पांढरं. झाडांवरच्या वाटेच्या खुणा दिसेनात, पुढे चाललेले अण्णा दिसेनात. इरा रडायची थांबली, तेव्हा मी खरी घाबरले. आणि मग अण्णा कुठल्याशा भिंतीला धडकले. ती खोप होती.

दाराला कुलूप नव्हतं. नुसता लाकडी खटका. आत शिरल्यावर जो वास आला तो मी आजही ओळखेन. राळेचा, जुन्या धुराचा, ओल्या लोकरीचा, आणि त्याच्या खाली कुठेतरी मेणाचा. मधोमध लोखंडी शेगडी. तिचं दार उघडलं, तर आत सगळं रचून ठेवलेलं. खाली कागदाचे बोळे, वर बोटाएवढ्या कामट्या, त्यावर दोन बारीक ढलप्या. खिडकीत काड्यापेटी. एका काडीचं काम.

अण्णा गुडघ्यावर बसून बघतच राहिले. "कुनी गं रचून ठेवलंय हे? आपन येनार हे कुनाला ठावं हुतं?"

"कुणालाच नाही, अण्णा. जो येईल त्याच्यासाठी असतं."

त्यांनी काडी ओढली. जाळ धरल्यावर, इराचे पाय तळव्यांमध्ये चोळता चोळता एवढंच म्हणाले, "म्हंजी पाटच मांडलाय की आपल्यासाठी."

अंधार पडता पडता, बर्फात रुतू नये म्हणून पायाला जाळीदार चकत्या बांधलेली एक सत्तरीची बाई दार ढकलून आत आली. वादळ आलं की खोपीत कोणी अडकलंय का ते पाहायला ती खालच्या गावातून चढून यायची. फ्राउ हूबर, म्हणजे हूबरबाई. गावच्या डोंगर-मंडळाची, इथल्या शब्दात फेराइनची, हुटेनवार्टिन, म्हणजे खोपीची राखणदारीण. तिने आधी इराचे पाय तपासले, मग आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग पिशवीतून डाळीचं सूप काढून शेगडीवर ठेवलं. एवढं सगळं करताना ती फक्त एक शब्द बोलली. "सो." म्हणजे, झालं तर.

सकाळी निघताना मात्र तिने अण्णांच्या हातात कुऱ्हाड दिली. खोपीचा नियम असा की जेवढं जाळलं तेवढं फोडून ठेवायचं. मागच्या लाकूडघरातून ओंडके आणायचे, फोडायचे, आत भिंतीला रचायचे, शेगडी पुढच्यासाठी मांडून ठेवायची, राख बरोबर न्यायची. आणि आल्या आल्या वहीत नाव लिहायचं, म्हणजे कोण हरवलं तर शोधायला सोपं. मी पाहुण्या म्हाताऱ्या माणसाच्या वतीने ओशाळले होते. पण अण्णांनी कुऱ्हाडीची धार अंगठ्याने पाहिली, मान हलवली आणि स्वेटर काढला. आम्ही जाळलं त्याच्या दुप्पट लाकूड त्यांनी फोडलं. फ्राउ हूबर दाराला टेकून बघत होती. शेवटी म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोब्बर. अण्णांना तो शब्द एवढा आवडला की कोल्हापूरला भाजीवालीशी बोलतानाही ते गेनाऊ म्हणायला लागले.

पुढच्या वर्षी अण्णा रंधा, पटाशी आणि काटकोन पाहायचा गुण्या सामानात घालून आले. विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली, अर्धा तास गेला. आणि कागदात गुंडाळलेली आठ पितळी फुलं. "पाट करनार," म्हणाले. "खोपीला. तिथं नुसतं उच्चं बाकडं हाय. आल्यागेल्याला पाट पायजे."

आमच्याकडे घरी आलेल्याला पहिल्यांदा पाट आणि पाणी. पाट मांडला म्हणजे तू कोण, कुठला, हे विचारायच्या आधी बस म्हटलं. हे मी फ्राउ हूबरला जर्मनमध्ये समजावलं. मग जमीन दुरुस्त करताना उरलेली टानची, म्हणजे तिकडच्या देवदाराची, एक फळी तिने मागून काढून आणली. खोपीच्या ओसरीवर दोन दिवस रंधा चालला. अख्ख्या आयुष्यात मी ऐकलेला तो सर्वांत सुखाचा आवाज. फर्रर्र, फर्रर्र, आणि मग फुंकर. लाकडाच्या पातळ गुंडाळ्या बर्फावर पडायच्या आणि इरा त्या कानात अडकवून फिरायची. अण्णा मराठीत बोलायचे, फ्राउ हूबर तिच्या डोंगरी जर्मनमध्ये, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचं कधी अडलं नाही.

पाटावर ती आठ फुलं बसवली आणि पुढच्या कडेवर अण्णांनी पटाशीने दोन शब्द कोरले. बसा की.

त्यानंतरचे सहा फेब्रुवारी माझ्या डोक्यात एकात एक मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी काय झालं ते सांगता येणार नाही. शेगडीपुढे पाटावर मांडी घालून बसलेले अण्णा. डाळीच्या सुपात त्यांनी घातलेला कांदा-लसूण मसाला, आणि पहिला चमचा खाल्ल्यावर फ्राउ हूबरच्या डोळ्यांतून आलेलं पाणी. ऊब लागल्यावर छपरावरून सरकन उतरणारं बर्फ. दार उघडून कोणीही आलं, फिरायला निघालेलं म्हातारं जोडपं असो, वाट चुकलेले विद्यार्थी असोत, की फ्राउ हूबर पाटाकडे हात करून म्हणायची, "बसा की!" जर्मन माणसं गोंधळून बसायचीही. उठायचं नाव काढायची नाहीत.

आणि ते मोठे कोंबडे. खोपीच्या खालच्या बाजूला जुनं टानचं रान आहे. तिथे आउअरहान राहतो. टर्कीएवढा काळा पक्षी, डोळ्यावर लाल चंद्रकोर. अण्णा त्याला थोरला कोंबडा म्हणायचे. फ्राउ हूबरने आम्हाला सांगितलं होतं की हिवाळ्यात त्याला खायला फक्त झाडाच्या सुया. त्यातून मिळणारी ताकद जेमतेम जगण्यापुरती. म्हणून तो बर्फात खळगा करून दिवसाचे कितीतरी तास नुसता बसून राहतो. त्याला दचकवून उडवलं, की तेवढी ताकद गेली. दोनदा, चारदा, आठदा उडवलं, की संपला. म्हणून त्या रानाभोवती हिवाळ्यात दोरी बांधलेली असते, आणि वाटेवरच्या एका मोठ्या बीचच्या झाडापासून पुढे बोलायचं नाही. बीच आलं की फ्राउ हूबर ओठावर बोट ठेवायची, आणि अण्णा, ज्यांचा आवाज पाच घरं पलीकडे जायचा, तेही तस्संच बोट आपल्या ओठावर ठेवायचे. एका वर्षी दोरीच्या अलीकडे उभं राहून आम्हाला तो दिसला. बर्फातून फक्त मान वर. अण्णांनी त्याला हळूच नमस्कार केला.

मग अण्णा यायचे थांबले. मग कोल्हापूरहून फोन आला. मग फ्राउ हूबरचे गुडघे गेले आणि ती खाली दरीतल्या वृद्धाश्रमात राहायला गेली. जाताना तिने फेराइनला सांगितलं की राखणदारीण म्हणून या भारतीय बाईलाच नेमा. अशी मी हुटेनवार्टिन झाले. दर हिवाळ्यात काम सांभाळून महिन्यातून दोनदा वर जायचं, लाकूड बघायचं, वही बघायची, पाट पुसायचा. पाट पुसायला मला लाकडाचं तेल लागायचं. खरं म्हणजे नुसतं फडकं पुरलं असतं.

नंतर ते स्कीवाले यायला लागले. बांधलेल्या उतारावर दोन-चार तास घसरून घरी जाणारे नव्हेत. चढताना घसरू नये म्हणून स्कीला खाली कातडं लावून रानात कुठेही चढणारे आणि मनाला येईल तिथून उतरणारे. कोणीतरी खोपीचा रस्ता कुठल्याशा ॲपवर टाकला. सगळेच काही वाईट नव्हते. वहीत नाव लिहून, लाकूड फोडून जाणारेही मी पाहिलेत. पण बाकीच्यांनी काय ठेवलं? दारावर स्टिकर. बाकड्याच्या दोन पट्ट्या गायब. खोपीच्या मागे बर्फ वितळल्यावर जे दिसायचं ते मी हातमोजे घालून, नाक दाबून, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून खाली आणलंय. एकेका पिशवीमागे मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय, अस्सल मराठीत, मोठ्याने. त्या रानाने तेवढं ऐकून घेतलं.

आणि गेल्या जानेवारीत मी वर गेले, तर दार वीतभर उघडं. बर्फ टेबलाच्या पायापर्यंत आत आलेलं. आतलं फोडलेलं लाकूड संपलेलं. टेबलावर नूडल्सची पाकिटं आणि सांडलेलं मेण. शेगडी राखेने तुडुंब. मी मागे गेले. लाकूडघर भरलेलं होतं, माझ्या हाताने भरलेलं. त्याच्या दारापुढे गुडघाभर बर्फ साचलं होतं आणि ते कोणी उकरलं नव्हतं. फावडं खोपीच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं होतं, जिथे ते कायम असतं.

आत येऊन मी पाट शोधला. बाकड्याखाली, शेगडीमागे, बाहेर. आधी कळेचना. मग वही पाहिली.

वहीत देवनागरी. माझ्या काळजात एक क्षण आनंद झाला हो! वाटलं, अगं बाई, आपलं कोणीतरी येऊन गेलं. मग वाचलं. "लई भारी पावडर स्नो! चौघे, कार्ल्सरूहे. आतली लाकडं संपली, बाहेरची बर्फात गाडलीत, कोण उकरणार! एक पाट सापडला. त्यावर लिहिलंय बसा की. म्हणाला म्हणून आधी बसलो, मग पेटवला. काय ऊब दिली राव! ज्यांचा असेल त्या काकांना धन्यवाद. ओंकार आणि तीन मावळे."

जर्मन मुलांनी जाळला असता तर त्यांना वाटलं असतं, एक बुटकं स्टूल. यांना माहीत होतं तो पाट आहे. यांनी वाचलं होतं. आणि या डोंगरावर मराठी कोण वाचणार म्हणून ऐटीत लिहून ठेवलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली माझी. मी तिथे, त्या थंडगार खोपीत, एकटी उभी राहून किंचाळले.

मग मी राख चाळली. शेगडीतली सगळी राख, खोपीतल्या शेवयांच्या चाळणीने, मूठमूठ. दुपार गेली. नाकात, केसांत, दातांत राख. एकेक करून आठही फुलं सापडली.

उतरताना दोरीपाशी थांबले. दोरी खाली दाबलेली, आणि तिच्यावरून स्कीच्या रेघांच्या चार जोड्या थेट जुन्या टानमध्ये गेलेल्या. एका खोडाशी बर्फात खळगा होता, कडा फुटलेल्या. त्याच्या हातभर अंतरावरून रेघा गेल्या होत्या.

रविवारी कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. एका शाळेचा हॉल, फोल्डिंग खुर्च्या, काळ्या साड्या आणि त्याखाली बर्फाचे बूट, साबुदाणावड्यांचा वास. मी काही कोणाला शोधत गेले नव्हते. शोधावं लागलंही नाही. एका टेबलापाशी घोळका जमला होता आणि मधे एक सत्ताविशीचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, दोन-तीन कार्यक्रमांत पाहिलेला. ओंकार. "आता बघा हां, आता बघा," तो म्हणत होता. पडद्यावर टानची खोडं सर्रकन मागे पळत होती. आणि मग बर्फ फुटलं आणि त्यातून काळा, प्रचंड पक्षी धडपडत वर आला. "टर्की! असला टरकलो ना मी!" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, परत लाव. त्याने परत लावला. माझ्या डोळ्यांसमोर तो पक्षी दोनदा उडाला.

मी तिळगुळाचा डबा घेऊन त्याच्यासमोर गेले. त्याने हसत हात पुढे केला. "द्या ताई."

त्या दिवसापासून पर्समध्ये असलेलं एक काळं पितळी फूल मी त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"हे काय?"

"बसा की," मी म्हटलं.

त्याचा चेहरा कसा उतरत गेला ते मी नीट, सावकाश पाहून घेतलं. एवढं समाधान मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. तो म्हणाला, ताई, खूप थंडी होती, एका मित्राचे पाय बधिर झाले होते. मी म्हटलं, फावडं दाराशेजारी होतं. तो म्हणाला, आम्हाला वाटलं, असंच कोणाचं तरी पडलंय. मी म्हटलं, तुला वाचता येत होतं. मग तो म्हणाला, "मी नवा आणून देतो ना, ताई. ऑनलाइन मिळतात पाट."

मी हसले. एवढी मोठ्याने की हॉलमधले लोक वळून बघायला लागले. "ते फूल ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं. "रोज बघ."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, जाऊ दे ना, आपलीच पोरं आहेत. त्याचे वडील, आणि हा म्हणतो जाऊ दे! इरा, आता सोळा वर्षांची, जर्मनमध्ये म्हणाली की ममा, तू जरा अति करतेस, शेवटी लाकूडच होतं ना ते. तिच्या कानात अडकवलेल्या त्या गुंडाळ्या तिला आठवत नाहीत. दोन दिवस मी दोघांशीही बोलले नाही.

मार्चमध्ये फेराइनची बैठक झाली, गावातल्या गास्टहाउसच्या मागच्या खोलीत. विषय एकच होता. हिवाळ्यात खोपीला कुलूप लावायचं की नाही. कोणाच्याच आठवणीत खोपीला कधी कुलूप नव्हतं. अध्यक्षांनी मला विचारलं की वहीत त्या दिवशी काय लिहिलंय, कोणालाच ती लिपी कळत नाही. मला सांगता आलं असतं की काही विशेष नाही. आपल्या लोकांची लाज झाकता आली असती. नवऱ्याने तेवढंच सांगितलं होतं निघताना. मी उभी राहिले, आधी मराठीत वाचलं, प्रत्येक शब्द, आणि मग जर्मनमध्ये भाषांतर करून सांगितलं, प्रत्येक शब्द. बऱ्याच जणांनी त्या पाटावर बसून सूप प्यायलेलं होतं.

मग कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आणि वादळात कोणी अडकलं तर? एखादं लहान मूल असलं तर?" ते माझ्याकडेच बघत होते. माझी ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

"मग त्यांनी ओंकारला विचारावं," मी म्हटलं, आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला. माझ्यामागून एकेक हात वर गेले. त्या म्हाताऱ्यांचा गेला नाही.

त्यानंतर वृद्धाश्रमात फ्राउ हूबरला भेटले. तिने मला पहिला प्रश्न विचारला की पाट कोरडा आहे ना, ओल लागली नाही ना. मी म्हटलं, कोरडा आहे. अगदी कोरडा.

या नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडायच्या आधी, मी कुलूप घेऊन वर गेले. नवीन, जड, तेलाचा वास येणारं. आत जाऊन एकदा सगळं पाहिलं. शेगडीपुढची पाटाची जागा, तिथे जमिनीवर चार फिकट चौकोन अजून आहेत. मग माझ्या लक्षात आलं की माझे हात आपोआप शेगडी रचत होते. कागदाचे बोळे, कामट्या, दोन ढलप्या. काड्यापेटी खिडकीत. आता कोणासाठी, गं बये? पण ते मोडलंही नाही. बाहेर आले, दार ओढलं आणि खटक्यावर कडी बसवली.

तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. कोणीतरी धापा टाकत वर येत होतं. स्की नव्हते. एकटाच, वाटेच्या खुणांवरून, आणि बीचपासून पुढे त्याने हाकही मारली नव्हती. पाठीवर जुन्या टॉवेलात बांधलेलं काहीतरी सपाट. ओंकार.

"ताई," एवढंच म्हणाला. त्याला श्वास पुरत नव्हता. त्याने गाठ सोडली. पाट होता. विकतचा नव्हता. त्याने स्वतः केलेला, हे लांबूनही दिसत होतं. मी पॅटर्नमेकरची सून आहे. कोन गुण्यात नव्हते, एक कड रंध्याने खाल्ली होती, खालची एक पट्टी तिरकी बसली होती, म्हणजे हलणार. पुढच्या कडेवर बसा की कोरलं होतं, अक्षरं वेडीवाकडी. आणि वरच्या अंगाला, एका कोपऱ्यात, माझं काळं फूल. बाकी सात ठिकाणी नुसती भोकं पाडलेली.

"तुमच्याकडची सात..." तो म्हणाला. "त्यांच्यासाठी जागा ठेवल्यात."

त्याच्या अंगठ्यावर पटाशीची जखम होती. भरत आलेली. अण्णा म्हणायचे, पटाशी लागल्याशिवाय सुतार होत नाही. ते आठवलं आणि मला त्याचा आणखीनच राग आला. याने माझ्या अण्णांच्या आठवणीत हात घालायचा काय संबंध?

मी कुलूप दाबलं. खट्.

"ताई, आत ठेवू का?"

"नाही."

मग त्याने पाट ओसरीवर, वळचणीच्या आत, भिंतीला टेकवून ठेवला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, केस घामाने कपाळाला चिकटले होते. मी चावी पर्समध्ये टाकली, त्याच्या अंगावरून पुढे झाले आणि उतरायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. मला बरं वाटलं, हो, खोटं कशाला बोलू? घशाखाली काहीतरी गरम गेल्यासारखं बरं वाटलं, आणि ते बीचच्या झाडापर्यंत पुरलं.

बीचपाशी पोचले, सवयीने ओठावर बोट ठेवलं, आणि तिथेच थांबले.

तीन आठवडे झाले. मी अजून वर गेलेली नाही. आता तिथे बर्फ पडतंय. वळचणीच्या आतही वारा बर्फ नेतोच, म्हणजे सात भोकं भरली असतील. इथे सात फुलं ओळीने बसली आहेत. मगाशी इरा आली, त्यातलं एक उचलून पाहिलं, परत ओळीत ठेवलं. राग आहे. तो जायला मी काही केलेलं नाही आणि करणारही नाही. तो पक्षी त्या हिवाळ्यातून वाचला की नाही ते मला ठाऊक नाही, आणि अण्णांचा पाट काही मला परत मिळणार नाही.

पण त्या खोपीच्या दारात इतकी वर्षं इतकी माणसं आली. भिजलेली, हरवलेली, भली, फालतू. अण्णांनी सांगितलं, फ्राउ हूबरने सांगितलं, कोणी नसताना पाटाने सांगितलं. आणि दोन तास चढून, पाठीवर पाट घेऊन, धापा टाकत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणी बस म्हटलं नाही. तेव्हा दारात मी होते.